श्रावणातली शिफारस

डिचोलीहून निघणाऱ्या एका लहानशा मासिकात मी दर महिन्याला एक पान लिहिते. या महिन्यात आपल्या भागात काय खावं, काय ऐकावं, काय वाचावं, एवढंच त्या पानाचं काम. आपला भाग म्हणजे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके. त्यापलीकडे मी पाय टाकत नाही. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी संपादक घरी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सगळीकडे जाता, सगळीकडे जेवता आणि सगळ्यांना नावं ठेवता. तेच लिहून द्या." नवरा आतल्या खोलीत मोठ्याने हसला. मी त्याच आठवड्यात पहिलं पान लिहून दिलं.

माझे काही नियम आहेत. जे स्वतः खाल्लं नाही ते लिहायचं नाही. जिथे शेवटपर्यंत बसले नाही त्या कार्यक्रमाबद्दल बोलायचं नाही. ताटाचा फोटो द्यायचा नाही आणि स्वतःचाही द्यायचा नाही. आणि आपल्या घरातलं, नात्यातलं काहीही सुचवायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. तो मी इतकी वर्षं पाळला आणि यंदाच्या श्रावणात मोडला.

श्रावणाचं पान मला सगळ्यात आवडतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, श्रावणात गोव्यातला हिंदू माणूस मासळीवाचून नुसता तडफडत असतो. काही तडफडतातही, माझा नवरा त्यांच्यातलाच. पण आमच्या बायकांचं खरं डोकं चालतं ते याच महिन्यात. शिवराक, म्हणजे मासळी-मटणाशिवायचं जेवण, महिनाभर रोज वेगळं करायचं ही काही गंमत नाही. तायखिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी कोवळी असतानाच खावी, फणसाच्या आठळ्या घालून, कारण पानं जून झाली की कडू लागतात. अळवाच्या फतफत्यात अंबाडा नसेल तर त्या घरी पुन्हा जाऊ नये. मुगागाठीत, म्हणजे मोडाच्या मुगाच्या रश्शात, नारळाचा रस पातळ असेल तर यजमानीण कंटाळलेली आहे हे समजून निमूट जेवावं आणि लवकर उठावं. खतखतं, म्हणजे पाचसात भाज्यांचं एकत्र दाट कालवण, कुणाकडे शिजत असेल तर आमंत्रणाची वाट बघू नये. रानातली अळमी, म्हणजे पावसाळी अळंबी, शिवराक धरायची की नाही यावर मला दर वर्षी फोन येतात. मी मत देत नाही, मला या भागातच राहायचं आहे. आणि पातोळी हळदीच्या पानातून सोडवल्याबरोबर खावी, तिथेच उभ्याउभ्या. वाफ गेली की पानाचा वास जातो आणि मग उरतो तो गूळखोबऱ्याचा साधा गोळा.

वाङ्मयाची बाजूही भरगच्च असते. देवळातून भजनी सप्ताह, कीर्तनं, आणि प्रत्येक वाचनालयात श्रावणावरच्या कवितांचा कार्यक्रम. ज्याच्या कवितेत 'हिरवा' हा शब्द येणार नाही अशा कवीसाठी मी पानात दर वर्षी थोडी जागा राखून ठेवते. काही वर्षं ती जागा रिकामी गेली आहे. कवी माझ्यावर रागावतात, आणि तरी पुढच्या वर्षी आमंत्रण पाठवतात.

माझी ही जीभ बाबांची. माझं माहेर कोरगावला. बाबांची थोडी भातशेती, वर डोंगराला काजू. त्यांना बोलायची फार सवय नव्हती, पण जेवताना पहिला घास घेतला की ते एक शब्द बोलत. "बरां" म्हणाले की आईचा जीव भांड्यात पडायचा. "मीठ कमी" म्हणाले की ती दिवसभर भांडी आपटायची. तिसरं मत मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. माझं पान ते आवर्जून वाचत आणि म्हणत, "बाय, एका पातोळयेक इतके शब्द कित्याक लागतत तुका?"

आणि बाबा श्रावणात पोथी वाचत. आमच्या वाडीवरची ती जुनी रीत. दिवेलागणीला सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, समई लावायची, पोथी रेशमी फडक्यातून सोडवून घडीच्या लाकडी ठवणीवर ठेवायची, आणि रोज एक अध्याय वाचायचा. सुरू केलेला अध्याय मध्येच सोडून वाचणाऱ्याने उठायचं नाही. दारात आलेल्या माणसाला पोथी ऐकवल्याशिवाय आणि प्रसाद दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. प्रसाद रोज वेगळ्या घरचा. तो सगळ्यांसमोर वाढायचा, पण आधी वाचणाऱ्याने पहिला घास घ्यायचा, शब्द द्यायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. बाबांचा शब्द इथेही तोच. एखाद्या घरच्या उसळीला "मीठ कमी" पडलं की त्या घरच्या सुनेला पुढच्या श्रावणापर्यंत ते ऐकावं लागे. श्रावण संपला की समाप्ती, पातोळ्यांचा नैवेद्य, आणि पोथी पुन्हा फडक्यात. मग वर्षभर तिला कुणी हात लावत नसे.

यंदा आषाढात मी माहेरी गेले तेव्हा बाबा सोप्यावर बसून ठवणी पुसत होते. ऐकायला पूर्वी सोपा पुरत नसे. आता चारदोन म्हाताऱ्या उरल्या होत्या, आणि त्यांचंही निम्मं लक्ष मालिकेच्या वेळेकडे. मी सहज विचारलं, यंदा पोथीची तयारी आतापासूनच? बाबा म्हणाले, "वाचतलंय कोणाक, बाय? भिंतीक?"

ते हसून म्हणाले, पण मला ते लागलं. डिचोलीला परत येताना बसमध्ये तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. घरी आले आणि श्रावणाचं पान लिहायला बसले तेव्हा हातून आपोआप उतरलं, की कोरगावच्या एका वाडीवर ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी श्रावणभर रोज संध्याकाळी पोथी वाचतात, त्यांची ओवीची चाल अशी आहे की अर्थ कळला नाही तरी माणूस उठत नाही, सगळ्यांनी एकदा तरी जावं, जाल तेव्हा उपाशी परत येणार नाही. नातं लिहिलं नाही. वाडीची खूण मात्र नीट लिहिली. पान पाठवून दिलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, सकाळी वहिनीचा फोन आला. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. धावपळ, इस्पितळ, तिथल्या बाकड्यावरच्या रात्री, हे सगळं ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको. उजवा हात थोडा लुळा पडला, पाय वाचला. पण बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं समजत होतं, डोळे पूर्वीसारखेच करडे होते, फक्त तोंडातून शब्द येत नव्हता. पाणी हवं असलं तरी "प… प…" करून थांबत. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, पण प्रयत्न त्यांनीच करायला हवा, आणि तोही पहिल्या काही महिन्यांत. मीठ अगदी कमी करा, हेही सांगितलं. वाचेचे व्यायाम शिकवायला एक मुलगी आली. तिने चित्रं दाखवून "हे काय?" असं विचारलं. चित्रात केळं होतं. उभ्या जन्मात केळ्याला केळं म्हणायला ज्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्या माणसाने एकदा प्रयत्न केला, भलताच आवाज निघाला, आणि त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलंच नाही. घरी आल्यावर ते आपल्या कदेलीत, म्हणजे जुन्या लाकडी खुर्चीत, सोप्याला लागून असलेल्या खोलीच्या दारापाशी भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

मी श्रावणभर माहेरी राहायचं ठरवलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ वास्कोला बंदरात कामाला, तो रविवारीच येतो. वहिनी एकटी किती करणार? नवरा म्हणाला, "जा तू. पोदेर दारात येता, हांव पावार म्हयनो काडीन." पाववाल्यावर भरवसा ठेवलेल्या त्याला श्रावणात मी घरी नसणार याचं फार दुःख झालेलं दिसलं नाही. मासळीचं काय केलंस हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

कोरगावला वहिनी रोज संध्याकाळी समई लावी, पोथी फडक्यातून काढी, ठवणीवर उघडी, एक फूल वाही आणि पुन्हा बांधून ठेवी. वाचणारा नसला तर एवढं तरी करायचं, असं ती म्हणाली. वाडीवरच्या म्हाताऱ्या एकदोन दिवस आल्या, बाबांची पाठ बघून डोळे पुसून गेल्या, मग यायच्या थांबल्या. बाबा आळणी जेवण जेवत. पहिला घास घेताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत असे. ते चावत, गिळत, दुसरा घास घेत. मला भीती वाटायला लागली होती. वाचा गेली त्याहून त्यांनी ती शोधायचं सोडून दिलं, याची.

मी पानात काय लिहिलं होतं हे या गडबडीत पार विसरून गेले होते. संपादकांना कळवायचं तर सुचलंही नाही. श्रावणातल्या एका शनिवारी दुपारपासून मी तवसळी करत होते, म्हणजे पिकलेल्या मोठ्या काकडीच्या किसाचा, रवा-गूळ घालून वाफवलेला केक. हात किसाने माखलेले, साडीचा पदर खोचलेला. वहिनी धावत आत आली.

"वन्सं, भायर माणसां इल्यांत. मासिकात वाचलां म्हणतत. पोथी ऐकूक इल्यांत."

आता मला माझं पान आठवलं. खिडकीतून बघितलं. एक जाडजूड गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. सुर्ल्याचे, एके काळी खनिज वाहणारे त्यांचे ट्रक होते असं त्यांनी दोन मिनिटांत वहिनीला सांगितलं. त्यांच्या मागे एक तरुण जोडपं होतं. नवरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मूळचा कोल्हापूरकडचा. तो चप्पल काढून पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या गावाकडं श्रावणात पारायण असतंय. इकडं आल्यापासनं कानावर नव्हतं. हिला म्हटलं, चल, जाऊन येऊ."

सुर्ल्याच्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. "वाचपी खंय? लेखांत बरयलां तो?"

मी वहिनीला आत ओढलं. म्हटलं, सांग बाबा आजारी आहेत, तवसळी दे आणि पाठव. मी शाळेत पोरांकडे बघत असे तसं वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"श्रावणात दारात इल्लो माणूस पोथी ऐकल्याबिगर जाता नये. तुमी बोलावल्यात, तुमी वाचा."

"तू वाच."

"त्यांच्या म्होरे? माझी जीभ उचलाची नाय."

माझीही उचलत नव्हती. मी जन्मभर वर्गात वाचलं, सभेत वाचलं, पण बाबांच्या ठवणीपुढे कधी बसले नव्हते. हात धुतले, साडी सारखी केली आणि सोप्यावर जाऊन बसले. पाठीमागे दाराशी बाबांची कदेल होती. त्यांनी मान वळवली नाही.

मी वाचायला सुरुवात केली ती शाळेतल्या बाईंसारखीच. शब्द स्वच्छ, उच्चार खणखणीत आणि चालीचा पत्ता नाही. जुन्या पोथीत शब्द एकमेकांना चिकटून येतात, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं. मी भलतीकडे तोडत होते. दुसऱ्या-तिसऱ्या ओवीला मागून टकटक ऐकू आली. बाबा डाव्या हाताने कदेलीच्या हातावर ठोकत होते. ही टकटक मी लहानपणापासून ओळखते; पाढा चुकला की ती यायची. मी आणखी गडबडले, घाई केली, आणि ओवीचा शेवटचा आखूड चरण यायच्या आधीच अडखळले.

तो चरण मागून आला. घोगरा, जरासा फाटलेला, पण चालीत, शेवटचं अक्षर लांबवून जसं ते नेहमी लांबवत तसं. शब्द पूर्ण होते. मी थांबले तसा मागचा आवाजही थांबला. मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते, तोंड उघडं, पुढची ओवी ओठांवर आल्यासारखी, आणि ती निघत नव्हती. मग त्यांनी जोरात हातावर ठोकलं. वाच!

मला वाचावंच लागलं. एकट्याने त्यांना येत नव्हतं. माझ्या आवाजाला धरूनच त्यांचा आवाज पुढे सरकत होता. रडायला बसायची सोय नव्हती, अध्याय मध्येच सोडता येत नाही. डोळ्यांतलं पाणी पोथीवर पडू नये म्हणून मी मान मागे घेऊन वाचत राहिले. बाबा कधी माझ्याबरोबर, कधी अर्ध्या शब्दाने मागे, काही ओव्यांना नुसतेच गुणगुणत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. अध्याय संपला तेव्हा बाहेर अंधार झाला होता.

वाचणारी मी, म्हणून पहिला घास मी घेतला आणि "बरां" म्हणाले. काय खाल्लं ते मला कळलं नाही. कोल्हापूरकडच्या त्या मुलाने पोथीला नमस्कार केला आणि पुढच्या शनिवारी आलो तर चालेल का, असं विचारलं. सुर्ल्याच्या गृहस्थांनी तवसळीचे दोन मोठे तुकडे खाल्ले, पाणी प्यायले, आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "राग मानूं नाकात. त्या बायेन लेखांत बरयलां तितलें कांय ना. ती बाय मातशी चडच बरयता. आनी भितर कोण तरी म्हातारो मदीं मदीं म्हणी आसलो, ताका वगी रावंक सांगात. तवसळी मात बरी."

बाई जरा जास्तच लिहिते आणि आतल्या म्हाताऱ्याला गप्प बसवा, दोन्हीला मी हो म्हटलं. लेख लिहिणारी बाई मीच, हे सांगायचं धाडस झालं नाही. ते गेल्यावर वहिनीला सांगितलं तेव्हा ती ठवणीशेजारी बसली आणि इतकी हसली की तिचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं हे तिलाही कळलं नसावं.

त्या रात्री मला वाटलं, झालं, सुटलो. सकाळी बाबांच्या खोलीत गेले आणि विचारलं, "बाबा, पेज घेतलास?" ते "प…" म्हणाले, थांबले, आणि भिंतीकडे वळले.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, असं होतं. चालीत पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं. रोजची वाक्यं त्याच चालीत म्हणून बघा, कधी कधी त्या वाटेने साधा शब्दही येतो. वहिनीला हे फार पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेजेचा वाडगा हातात घेऊन ओवीच्या चालीत विचारलं, "पेज वाढू काय तुमकां, वांगडा लोणच्याची फोड…" तिचा गळा गोड आहे. पण बाबांनी वाडगा हाताने बाजूला सारला आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी आत निघून गेली. पोथीची चाल पेजेला लावलेली त्यांना खपली नाही. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. आम्ही तो नाद सोडला.

मग रोजचं तेच चालू झालं. दिवसभर भिंत, आणि दिवेलागणीला मी ठवणीपुढे बसले की मागून आवाज. चुकले की टकटक. हळूहळू त्यांनी कदेल सोप्यावर आणू दिली. वाडीवरच्या म्हाताऱ्या पुन्हा यायला लागल्या, मालिका बुडवून. शनिवारी तुयेचं जोडपं येई, त्यांच्या वसाहतीतली आणखी माणसं घेऊन. सुर्ल्याचे गृहस्थही एकदा परत आले. वाचन बरं नव्हतं म्हणता, मग आलात कसे, असं मी विचारलं नाही, कारण त्या दिवशी खतखतं होतं आणि ते त्यांना कसं कळलं हेच मला अजून समजलेलं नाही. सोपा भरत होता. बाबांना हवं होतं ते झालं होतं. तरी श्रावणाचा शेवट जवळ येत गेला तशी माझी झोप उडत गेली. समाप्तीनंतर पोथी फडक्यात जाणार होती. मग बाबांच्या तोंडून काय येणार? आवाज यायची जी एक वाट सापडली होती ती वर्षभर बंद होणार, आणि डॉक्टरांचे ते पहिले काही महिने तर निघून चालले होते. मी वहिनीला म्हटलं, समाप्ती झाली तरी वाचत राहू या. ती म्हणाली, "तां त्यांका चलाचा नाय." मलाही ते माहीत होतं.

समाप्तीच्या दिवशी पातोळ्या मी केल्या. हळदीची पानं मागच्या परसातली. तांदळाचं पीठ कालवताना मिठाची वाटी वहिनीने माझ्या हातातून घेतली. "डॉक्टरान सांगलां आसा," म्हणून तिने दोन बोटांत आलं तेवढंच मीठ टाकलं. संध्याकाळी सोप्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा अध्याय मोठा असतो. बाबा सगळा अध्याय माझ्याबरोबर म्हणाले, जवळजवळ एकही ओवी न गाळता. आरती झाली. मी पोथी मिटली, कपाळाला लावली आणि फडक्याची गाठ मारली.

पातोळ्या वाढल्या गेल्या. पानं सोडवली, वाफ आली, सगळा सोपा हळदीच्या पानाच्या वासाने भरला. मी पहिला घास घ्यायला हात पुढे केला आणि पाहिलं, तर माझ्यापुढे ताटली नव्हती. वहिनीने ती बाबांपुढे ठेवली होती, कदेलीजवळच्या स्टुलावर.

मला तिचा असा राग आला! पहिला घास घ्यायचा म्हणजे शब्द द्यायचा. एवढ्या माणसांत? केळ्याच्या चित्रापुढे ज्यांनी तोंड मिटलं, त्यांना हे इतक्या लोकांसमोर करायला लावायचं? मी उठायला लागले. वहिनीने माझा हात धरला.

सगळे थांबले. रीत सगळ्यांना माहीत होती, आणि नवख्यांना शेजारच्या म्हाताऱ्यांनी हात धरून थांबवलं होतं. सुर्ल्याचे गृहस्थ पातोळीकडे बघत होते. वाफ हळूहळू विरत चालली होती. गार पातोळीबद्दल मी जन्मभर काय काय लिहिलं आहे, पण त्या घटकेला पातोळ्यांचे दगड झाले असते तरी मला चाललं असतं.

बाबांनी डाव्या हाताने एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. सगळा सोपा त्यांच्या जबड्याकडे बघत होता. त्यांनी गिळलं. ओठ हलले, काही आलं नाही. पुन्हा हलले. "म…" एवढंच आलं आणि अडकलं. मी मान खाली घातली. मला ते बघवेना.

मग टकटक ऐकू आली. कदेलीच्या हातावर, सावकाश, ओवीच्या ठेक्यात. आणि शेवटच्या आखूड चरणाच्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवून, ते म्हणाले,

"मीठ… कमी…"

वाडीवरची सगळ्यात जुनी म्हातारी आधी हसली, मग सगळा सोपा हसायला लागला, आणि माणसांनी पातोळ्यांना हात घातला. वहिनी ढसाढसा रडत बाबांशी भांडायला लागली होती, "डॉक्टरान सांगलां तां इसारलात? कमी म्हणजे कमीच घालतलंय! माका बोल लावूचो नाय!" आणि बाबा तिच्याकडे बघून, आता ठोकल्याशिवाय, चालीशिवाय, पुन्हा म्हणाले, "कमी."

मी माझी पातोळी उचलली आणि खाल्ली. ती गार झाली होती, आणि मीठ खरंच कमी होतं.